बाहुलीचा खांदा आणि माझा

मियाकोनोजो,
शरदाची सुरुवात

ती. फुसाएताईस,

धाकट्या गेनकिचीचा चटईला कपाळ टेकून नमस्कार. (गुडघा वाकत नाही, तेव्हा टेकलं असं समजून घे.) इकडे ज्वालामुखीची कृपा आहे. काल वाळत घातलेल्या चादरीवर आज बोटाने नाव लिहिता येईल इतकी राख बसली आहे. तुझा दमा कसा आहे? पाठवलेल्या खारवलेल्या माशाबद्दल तुझी भावजय तोमिए आभार मानते, आणि तो मी एकट्याने संपवला हे कळवायलाही सांगते.

पत्रास कारण की तुझं पत्र पोचलं. बाबांचा धनुष्यांचा कारखाना वीस तारखेच्या आत रिकामा करावा, हत्यारं विकून टाकावीत आणि उरलंसुरलं नेण्यासाठी जावईबापू ट्रक घेऊन येतील, हा तुझा हुकूम मी दोनदा वाचला आणि मान्य केला. तुझा शब्द मोडायची माझी प्राज्ञा नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या उजव्या खांद्याला धनुष्य ओढायची बंदी केली, आणि आपल्या बाबांचा नियम तुला पाठच आहे: ज्याला स्वतःचं धनुष्य कानामागे ओढता येत नाही, त्याने ते विकू नये. तेव्हा कारखान्यात आता मी, कोळी आणि तोमिएच्या मुळ्याच्या लोणच्याची बरणी, एवढेच उरलो आहोत. सोमवारी मी रंधे पुसून खोक्यात भरायला घेतले होते, तेवढ्यात कुरात्सुकाबाई आल्या.

या बाई दातांच्या दवाखान्यात नोकरी करतात, वय पन्नाशीचं, अतिशय सभ्य. हातात लांबट पेटी. मला वाटलं दुरुस्तीचं काम असेल. पेटी उघडली तर आत मखमलीवर एक बाहुली! बासष्ट सेंटीमीटर उंच, अंगभर सांधे, बोटंसुद्धा वाकणारी, आणि चेहरा असा, की मी आपोआप कमरेत वाकून नमस्कार केला. हिचं नाव शिओन, हिला धनुष्य हवंय, असं बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, हे खेळण्यांचं दुकान नव्हे." त्यावर आतून तोमिए ओरडली, "दोन वर्षांनी गिऱ्हाईक आलंय, आधी चहा तरी विचारा!"

(पन्नाशीच्या बाईने बाहुली खेळावी, याबद्दल माझं मत तुझ्यासारखंच आहे. ते मी पुढेही बदललेलं नाही. निदान या पानापर्यंत तरी.)

चहा होईपर्यंत जुन्या सवयीने मी विचारलं, हिची उंची किती, गळ्यापासून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत अंतर किती, धनुष्य किती कडक हवं? बाईंनी मोजपट्टी काढून सगळं मिलीमीटरमध्ये सांगितलं. कडकपणाबद्दल फक्त म्हणाल्या, "तिला पेलेल एवढंच." हे मी ऐकायला हवं होतं. पण पाठोपाठ त्या म्हणाल्या की बाजारात मिळणाऱ्या छोट्या धनुष्यांची मूठ बरोब्बर मध्यावर असते, ती हातात घेऊन पोर अशी ओशाळी उभी राहते की बघवत नाही. ताई, मूठ मध्यावर! ज्या बाईला आपल्या धनुष्याची मूठ खालून एक तृतीयांशावर हवी हे कळतं, तिला नाही म्हणणारा मी कोण?

मग लागलो कामाला. धनुष्याची उंची ब्याऐंशी सेंटीमीटर. बांबूच्या पट्ट्या कापडासारख्या पातळ तासल्या, सरस लावला. मोठ्या धनुष्याला दोर गुंडाळून त्याखाली शंभर पाचरी ठोकून बाक आणतो ना, तशा इथे घरातल्या सगळ्या दातकोरण्यांच्या पाचरी केल्या. (तोमिए दोन दिवस जेवणानंतर माझ्याकडे बघत बसायची.) ठोकायला, डॉक्टरांनी खांदा बडवायला दिलेला लाकडी ठोकळा वापरला. तो पहिल्यांदाच उपयोगी पडला.

चूक पुढे झाली. ज्यातून बाण सुटणार नाही असं धनुष्य आपल्या घराण्यात कोणी बनवलेलं नाही, तेव्हा मी खरं धनुष्य बनवलं. उरलेल्या दातकोरणीचा बाण करून सोडून पाहिला, तो कागदी दार भेदून पलीकडच्या मुळ्यात रुतला. तोमिए म्हणाली, "हे कडक होतंय हो." मी म्हणालो, "तुला काय कळतं?"

गुरुवारी बाई आल्या. शिओनला उभी केली, डाव्या हातात धनुष्य दिलं आणि तिचा उजवा हात धरून मी दोरी कानामागे ओढली. आता या बाहुल्यांच्या अंगातून एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत रबरी दोरी ओवलेली असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन दोऱ्यांची जुंपली आणि माझी जिंकली. तटकन आवाज झाला. उजवा हात माझ्या मुठीत राहिला, डावा धनुष्यासकट लोणच्याच्या ताटलीत जाऊन पडला.

मी कपाळ चटईला लावलं. (या वेळी खरोखर; गुडघ्याचं नंतर कळलं.) मग बाईंनी तो हात ताटलीतून उचलला आणि म्हणाल्या, "गुरुजी, पकड सुटली नाही बघा!" आणि हसायला लागल्या. तोमिएही हसली. ती तर माझ्याकडे बघून हसली. बाईंच्या पर्समध्ये नवी रबरी दोरी होतीच. दहा मिनिटांत पोरीचे दोन्ही खांदे जागेवर बसले. मी धनुष्य दोन कागदांच्या जाडीएवढं तासलं आणि नियमाप्रमाणे आधी स्वतः ओढून पाहिलं. ताई, चिमटीत धरून, पण ओढलं. पार कानामागे! तीन वर्षांनी. मला रडू आलं, लपवत नाही. मग शिओनने ओढलं, आणि खांदा न उचलता अशी उभी राहिली की बाबा असते तर बोलले नसते. म्हणजे शाबासकीच.

असो. बाईंनी कुठेसा फोटो दाखवला म्हणून आणखी अकरा जणांनी धनुष्यं मागितली आहेत, पण मी दिल्या शब्दाचा माणूस आहे. प्रकृतीस जप. थोरांना नमस्कार, जावईबापूंना ट्रक सावकाश चालवायला सांग.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
गेनकिची

ता. क. ट्रक येणारच असेल तर रिकामा आणू नये. जावईबापूंच्या मागच्या अंगणातला वाळलेला बांबू घालून आणावा. परत मात्र रिकामा जाईल.

ता. क. २. तू चाळीस वर्षं तिरंदाज नेसतात ते चुण्यांचे घागरे शिवलेस. एक शिवून पाठव, गडद करडा. कंबर तेवीस सेंटीमीटर.

ता. क. ३. तो शिओनसाठी नाही. तिच्याकडे आहे. शनिवारी आमच्याकडे एक पेटी आली. तोमिएला मी सांगितलं की भात शिजवायचं नवं भांडं आहे. आज सकाळी पाहतो तो ती त्या भांड्याची वेणी घालत होती.

ता. क. ४. मी सात वर्षांचा असताना तुझ्या बाहुलीचा हात उपटला गेला. मुंगसाने नेला असं मी सांगितलं आणि तू आठ दिवस रडलीस. मुंगूस नव्हतं, ताई. केरसुणीच्या काडीचं धनुष्य केलं होतं, माझं पहिलं. ते तिला ओढायला लावत होतो.