पाणपोईचा दगड

प्रिय तुंजाय,

गुरुवारी खाणवाल्या होल्डिंग कंपनीची माणसं आपली पाणपोई पाडायला येणार आहेत. तुझ्या वडिलांचं नाव कोरलेला दगड त्यानंतर कुठे बसवायचा, याला वारसाची संमती लागते, आणि मुलगा म्हणून पहिला वारस तू आहेस. म्हणून लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं. फोन केला असता तर 'हो आत्या, बघतो आत्या' म्हणून तू मोकळा झाला असतास. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

खाणीपायी आपलं गोकपनार गाव आता अर्ध्याहून अधिक रिकामं झालंय. सरपंचांनी सर्वांत आधी घर सोडलं, कारण नव्या वसाहतीत त्यांना कोपऱ्यावरचं मिळालं. शेजारच्या सातियेनं जाताना डाळिंबाचं झाड मुळासकट उपटून नेलं. तिकडे अंगणभर सिमेंट, त्यामुळे झाड अजून बादलीत आहे आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बादली दाखवते. खाणीचा कडा शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत आलाय. स्फोट झाला की कपाटातले चहाचे ग्लास किणकिणतात. तुझी आजी म्हणते, "या रे या, चहा ठेवलाच आहे."

हे सगळं टेकडीला पाडलेल्या एका भोकातून सुरू झालं, हे तू फक्त ऐकलं आहेस, मी पाहिलंय. मालक स्वतःचा ट्रक स्वतः चालवायचा आणि दुपारी कामगारांबरोबर जमिनीवर बसून कांदा-भाकर खायचा. तेव्हा आम्ही 'खाण' म्हणायचो. सरकारी वीजकेंद्राला कोळसा पुरवायचं काम मिळालं तशी ती 'कंपनी' झाली. मग तिनं स्वतःचं वीजकेंद्र बांधलं, एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन चिमण्या झाल्या, मालगाडीचा फाटा आला, सिमेंटचा कारखाना आला, समुद्रावर धक्का आला, एक फुटबॉलचा संघसुद्धा आला, आणि लोक 'होल्डिंग' म्हणायला लागले. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला त्यांनी तराजू दिले तेव्हा प्रत्येकावर त्यांचं चिन्ह चिकटवलेलं होतं. मी ती चिन्हं ब्लेडनं खरवडून काढली आणि तराजू वापरले. तराजू चांगले होते.

तुझे वडील गेले ते ती 'कंपनी' होती त्या काळात. शेजारचा जुना सोडून दिलेला बोगदा पाण्यानं भरलेला आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. मधली भिंत फुटली. माझा भाऊ नेजाती बाहेर पडला होता. मागे राहिलेल्या जोडीदाराला बघायला परत आत गेला. मालक आमच्या घरी आला, दाराशीच बसला आणि रडायला लागला. आई त्याला म्हणाली, "रडणं पुरे. माझ्या मुलाला पाण्यानं नेलं, मी त्याच्या नावानं पाणी देणार. तुझ्या ट्रकमधून चांगला दगड आणून टाक." त्यानं आणला, हे खरं. झऱ्यावर पाणपोई उभी राहिली. पिणारा प्रत्येक जण नेजातीसाठी एक चांगला शब्द बोलायचा आणि पुढे जायचा. पाणी वाहतं आहे तोवर त्याचं पुण्य वाहतं आहे, एवढंच आईनं धरून ठेवलं. तुझी आई दुसरं लग्न करून बुर्साला गेली, तू आमच्याकडे राहिलास, आणि त्या दगडावरच्या अक्षरांवर बोट फिरवून वाचायला शिकलास.

शाळा संपताना तू मला म्हणालास, "आत्या, मी खाणीतलं पाणी शिकणार. माणसं आत जायच्या आधी पाणी बाहेर काढायचं." मला आनंद झाला होता. शिष्यवृत्ती कंपनीची होती, तेही मी चालवून घेतलं. मग तू पाणी विभागाचा प्रमुख झालास आणि खाणीच्या चौफेर खोल विहिरी पाडून पंप बसवलेस. आधी सातियेची विहीर आटली, मग मशिदीची, मग आपला झरा. त्या वर्षीच्या ईदला तू बाकलावा मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहिलास आणि मी म्हटलं, "आधी झरा परत आण, मग चहा." तू डबा कुंपणाच्या भिंतीवर ठेवून निघून गेलास. तो आत आईनं नेला, मी नाही. त्यानंतर तू आजीला फोन करतोस आणि मी स्वयंपाकघरात जाते.

आता सोमवारचं सांगते. झरा आटूनही पाणपोईला पाणी होतं, कारण मागच्या हौदात दुर्मुश रोज पहाटे टँकर रिकामा करायचा. खाणीच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाणी मारतो तोच दुर्मुश. माझा विद्यार्थी, रसायनशास्त्रात दोनदा नापास. मला वाटायचं, पोरगा मनानं चांगला आहे, आपणहून करतो. मी त्याला चहा द्यायची आणि आईला काही कळू द्यायची नाही. इमामसाहेब एकदा मला म्हणाले, "मुअल्लाबाई, टँकरच्या पाण्याचं पुण्य नेजातीला पोचतं, की टँकरवाल्याला?" मी म्हटलं, "तुम्ही पिता ना? मग मुकाट्यानं प्या." सोमवारी मी दुर्मुशला सांगितलं की गुरुवारनंतर यायला नको, आणि आभार मानले. तो हसायलाच लागला. "बाई, माझे कसले आभार! मी तुमच्या तासाला तरी कधी वेळेवर आलो का, की इतकी वर्षं रोज पहाटे आपल्या मनानं इथे येईन? तुंजायसाहेबांचा हुकूम आहे, झरा आटला त्या दिवसापासूनचा. वर आणि टँकर त्यांच्याच विहिरीवर भरायचा, दुसरीकडे नाही, हाही हुकूम."

खिडकी उघडी होती. आतून आई म्हणाली, "तुला आज कळलं होय? एवढं शिकून?" मी आत गेले. ती म्हणाली, "पाणी आपलंच आहे. चव तीच. दुपारी कोमट लागतं तेवढंच. आपल्या झऱ्याचं पाणी त्या पोराशिवाय कोण पाठवणार?" मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस." केलं असतं. चुलीवर सूप होतं ते मी ढवळत राहिले.

होल्डिंगचं म्हणणं, दगड नव्या वसाहतीच्या चौकात बसवू, नगरपालिकेचा नळ देऊ आणि वर त्यांचं चिन्ह लावू. आईनं साफ नाही म्हटलं आहे आणि या बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. पाणी जिथे आहे तिथे दगड ठेवायचा, असं तिनं ठरवलंय. तुझ्या विहिरींचं पाणी खाणीच्या फाटकाबाहेर मोठ्या नळातून कालव्यात सोडतात, तिथेच पाळीच्या बसगाड्या थांबतात. त्या नळाच्या तोंडाशी भिंत बांध आणि दगड बसव. आत जाणारे पितील, बाहेर येणारे पितील, आणि नेजातीचं नाव घेतील. परवानगी कुणाची लागते ते तू बघ. एवढी मोठी खुर्ची दिली आहे ती कशाला? गावाचं तुम्ही जे केलं ते मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. पण तू आल्यापासून त्या बोगद्यांत पाण्यानं एकही माणूस गेलेला नाही. मी दर वर्षी पेपरात बघते. तुझ्या आजीला भिंत बांधताना स्वतः पाहायची आहे, थांबायला ती तयार नाही, आणि या वयात तिला एकटं परत पाठवता येणार नाही. खरं तर त्यासाठीच हे पत्र. तिला तू स्वतः घरी आणून सोड. नव्या वसाहतीत आमचं घर शेवटच्या ओळीत आहे. चहा मी ठेवीन.

तुझीच,
मुअल्ला आत्या

दुर्मुशच्या गाडीतून तुझ्याकडे पाठवलं ते असं: नाव कोरलेला दगड, गोधडीत गुंडाळून. पितळी तोटी, तिची चकती बदलावी लागेल. साखळीसकट पेला. आणि आई, पुढच्या सीटवर, मांडीवर बाकलाव्याचा डबा घेऊन. डबा तुझाच आहे, आतला माल ताजा आहे.