पिवळ्या टाकीच्या टोपीतलं छिद्र

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय दुचाकी दुरुस्ती, ओळखीच्या लोकांत ‘चोकमास्तर’, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या भरीला न पडता आणि कोणाला न घाबरता हे माझं पहिलं व शेवटचं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. छातीबद्दल ते तेवढ्या खात्रीने बोलले नाहीत, म्हणून ही घाई.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीला, पूर्ण हक्काने. माझे ग्रीसचे कपडे तिने चाळीस वर्षं वेगळ्या बादलीत धुतले. मी गेल्यावर ती बादली तिने खुशाल फेकून द्यावी.

कलम २. गॅरेजच्या दर्शनी भिंतीतला धूर बाहेर टाकणारा पंखा शेजारच्या इस्त्रीवाल्याला. माझ्या धुराने त्याच्या गिऱ्हाइकांचे शर्ट काळे होतात, यावरून आमचं कायम वाजत आलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मात्र हे कलम त्याला मी गेल्यावरच वाचून दाखवावं.

कलम ३. जावईबापूंना माझं हेल्मेट. माणूस लाखात एक, पण रस्त्यात फुलपाखरू दिसलं तरी दोन्ही ब्रेक दाबतात.

कलम ४. ताडपत्रीखाली उभी असलेली पिवळी छोटी डर्ट बाईक माझ्या मुलीला. बेटा, ही गाडी बरीच वर्षं उभी आहे, तेव्हा पहिल्याच किकला सुरू होईल अशी आशा धरू नकोस. आधी जुनं पेट्रोल काढून टाक, त्याचा काढा झालेला असतो. नवं भर, चोक ओढ आणि एक्सिलरेटरला हात न लावता किक मार. नाहीच झाली, तर प्लग काढून बघ. काळा-ओला असला तर पेट्रोल जास्त जातंय, कोरडा ठणठणीत असला तर पोचतच नाही. सुरू होऊन आयडलिंगला, म्हणजे एक्सिलरेटर सोडल्यावर, टिकत नसेल, तर कार्बोरेटरमधला छोटा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, साफ कर, पण त्यात तार खुपसू नकोस. आवाज आपोआप चढ-उतार करत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलेलं असणार. आयडलिंगचा स्क्रू इंजिन तापल्यावरच फिरवायचा, आणि तोही सगळ्यात शेवटी. नियम एकच: सोप्यापासून सुरुवात करावी. हा नियम मी उभ्या गावाला शिकवला आणि एकदा स्वतःच विसरलो. त्याबद्दल पुढे.

कलम ५. हे कलम मालमत्तेबद्दल नाही. मसुदा तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, “काका, हे मृत्युपत्रात बसत नाही.” मी म्हटलं, “बाई, मग दुसरं कुठे बसेल ते सांगा.” त्यांनी पान उलटलं.

अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी सोळा वर्षांची होती आणि खाणीमागच्या मैदानावर तिची पहिली शर्यत होती. त्याआधी महिनाभर ही गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची आणि झालीच तर आयडलिंगला टिकायची नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा गॅरेजात माझ्यासोबत होता. त्याने दोन दिवस खपून कार्बोरेटर साफ केला, आणि गाडी घड्याळासारखी चालू लागली. मग मी मुलीच्या आवडीचा पिवळा रंग आणला आणि टाकी रंगवली, टोपीसकट.

शर्यतीत ती दोन फेऱ्या सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या फेरीत गाडी आचके देत बंद पडली. पोरगी किक मारत राहिली आणि एकेक जण तिच्या बाजूने निघून गेला. मी धावत गेलो आणि चार लोकांसमोर भावाला म्हणालो, “तुझ्या हाताला कामाची लाज नाही. जेटमध्ये घाण ठेवलीस.” तो काही बोलला नाही. पेट्रोल आहे का ते बघायला मी टोपी उघडली, परत लावली, आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली. तरी माझी ट्यूब पेटली नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ आपला एप्रन खुंटीला अडकवून गेला. मुलगी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही.

टाकीतलं पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी टोपीत टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते बुजलं, की गाडी सुरू होते, थोडा वेळ चालते आणि दम कोंडून बंद पडते. दोन वर्षांनी गाडी पुसताना मी ती टोपी उजेडात धरली. छिद्रात माझाच पिवळा रंग सुकून बसला होता. टाचणीने तो काढला आणि तोंड मिटून घेतलं. नऊ वर्षं मिटलेलंच ठेवलं. भावाचं घर इथून चालत वीस मिनिटांवर आहे.

चूक माझी होती. त्याचं काम चोख होतं.

कलम ६. माझी सगळी हत्यारं भावाला, असं मसुद्यात लिहिलं होतं. ते आज बदललं, त्याचं कारण असं. स्पेअर पार्ट्सच्या दुकानाच्या मालकीणबाई साक्षीला आल्या होत्या, पण आणखी एका साक्षीदाराची गरज होती म्हणून मी भावाला निरोप धाडला. येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. वकीलबाई म्हणाल्या, “ज्याला काही मिळतंय, त्याला साक्षीदार होता येत नाही.” तो म्हणाला, “आधी वाचू तरी द्या.” त्याने पाचवं कलम उभ्यानेच वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

“मला माहीत होतं, दादा,” तो म्हणाला. “तू टोपी उघडलीस तेव्हा हवा आत ओढल्याचा आवाज मी ऐकला.”

“मग तिथेच बोलला का नाहीस?”

“तुझी पोर शेजारी उभी होती. बापाने गाडी रंगवून दिली म्हणून सगळ्यांना दाखवत फिरत होती ती.” मग म्हणाला, “आणि मला रागही आला होता. म्हटलं, शब्द याने स्वतःहून मागे घ्यावा. वाट बघितली.”

“किती?”

“दोनेक वर्षं. नंतर सवय झाली.”

“हत्यारं पोरीला दे,” तो म्हणाला. “मी सहीच करतो. यावर तू सही केलीस तेव्हा मी इथे होतो, एवढं कागदावर राहू दे.”

म्हणून माझी सगळी हत्यारं मुलीला. तेवढ्यात बाहेर कोणीतरी बंद पडलेली स्कूटर ढकलत आणली. मी उठू लागलो, तर भावाने खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. “तू लिहून पुरं कर,” म्हणाला आणि स्वतः बाहेर गेला. “काय होतंय गाडीला?” असं तो विचारताना मला आतून ऐकू आलं.

तो आत आल्यावर मी, तो आणि मालकीणबाई अशा तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणारा: चोकमास्तर (सही)
पहिल्या साक्षीदार: स्पेअर पार्ट्सच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)
साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ, दुचाकी कारागीर (सही, कागदावरचा ग्रीसचा डाग त्याच्या अंगठ्याचा आहे, खाडाखोड समजू नये)
ठिकाण: गॅरेजातलं मागचं टेबल
दिनांक: नऊ नोव्हेंबर, दुपारी