आईच्या दुकानाचा धडा

तीर्थरूप आईस,
पाया पडते. जेवण वेळेवर होतं, झोपही बरी लागते हल्ली.

इथे कॉलेजच्या वर्गात खऱ्या धंद्याची अडचण वाचून आपण काय केलं असतं ते सांगायचं असतं. आज एका गणवेशाच्या दुकानाची अडचण होती. त्याच्या समोर मोठं दुकान आलंय. सगळे म्हणाले, "दर पाडा." कधी तोंड न उघडणारी मी उठले.

"दर तोच ठेवा. दुमडीत कापड जास्त सोडा, पोर उंच झालं की फुकट उसवून द्या."

सरांनी विचारलं, "कुठल्या पुस्तकातलं?"

"माझी आई असंच दुकान चालवते."

अगं, बाकं वाजली! आता सर तुझ्याच दुकानावर धडा लिहिणार आहेत. आणि हो, डोळे डॉक्टरांना दाखवलेस का? सरांचा फोन येईल. "मी अडाणी" म्हणून ठेवून देऊ नकोस. ऐटीत बोल.

तुझीच,
छकुली