पलंगाला अजून एक हात

रविवार, दिवेलागणीला

सईचा पलंग आज तयार झाला. झाला म्हणजे, आता त्यात खोट काढायला मला काही सापडत नाही.

भिंगार कॅम्पातलं एक कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांच्याकडून घेतला. संजयने टेम्पोतून केडगावला आणला, गच्चीवर घासला, भेगांत लांबी भरली, पिवळा ऑइलपेंट दिला. मी म्हणाले, कडेचा कठडा खडबडीत लागतोय, रंगाचा अजून एक हात मार. मारला. मग म्हणाले, खालचा जुना हिरवा दिसतोय. पुन्हा एक हात. एरवी माझ्या प्रत्येक वाक्यावर वाद घालणारा माझा नवरा रंगाला मात्र एकदाही नाही म्हणाला नाही. का?

सई सात वर्षांची झाली तरी आमच्या दोघांच्या मध्ये झोपते. ती मध्ये असली की आम्ही बोलत नाही ते तिची झोपमोड नको म्हणून, असं म्हणता येतं. ती तिच्या खोलीत गेल्यावर काय म्हणायचं?

आज कठडाही वाळला. सईने स्वतःच उशी नेऊन ठेवली. मी म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे, रंगाचा वास येतोय."

संजय लगेच म्हणाला, "हो ना, लई उग्र आहे. डोकं दुखेल तिचं."

सईने कठड्याला नाक लावलं. "मला तर काहीच वास येत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. किती दिवसांनी, कोण जाणे. मग संजयने तिची उशी उचलली आणि परत आमच्या पलंगावर, मध्ये आणून ठेवली.