अठ्ठेचाळीस कोऱ्या सह्या

बुध. १८ मे २००५

आली बातमी पेपरात. मी टीमची नवी जनरल मॅनेजर. फोटो मात्र वॉल्टरचा. मालक आहे, मान्य, पण नेमणूक त्याची झाली का? माझं आडनाव दोनदा छापलंय, दोन्ही वेळा चूक आणि तेही वेगवेगळं.

२००१ साली टीम निघाली तेव्हा मी तिकीट खिडकीत बसायचे. बेसबॉलचा ओ की ठो कळत नव्हता. मग जाहिराती, मग ऑफिस. पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायची, मॅस्कॉटवाला आला नाही की त्या अस्वलाच्या सोंगात आपणच शिरायचं. सगळं केलं. सुधीरनं त्याच्या डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या ऑफिसातून फोन करून अभिनंदन केलं, नवऱ्यासारखं नाही, एचआरसारखं. आई पुण्याहून म्हणाली, "म्हणजे नक्की काय गं करतेस तू?"

संध्याकाळी वॉल्टरनं फील्डशीटचा गठ्ठा पुढ्यात टाकला. मैदान खेळायच्या लायकीचं आहे असं जी. एम.नं सही करून आमच्या मैदानावरच्या दर गेमच्या आधी लीगला फॅक्स करायचं असतं. म्हणाला, ऐनवेळी तू कुठे सापडणार, आत्ताच करून टाक, आधीचे सगळे असंच करायचे. अठ्ठेचाळीस गेम, अठ्ठेचाळीस सह्या. तारखा कोऱ्या. हात दुखला.

गुरु. ९ जून

रामोन आमच्याकडे राहायला आला. सेकंड बेस खेळतो, डोमिनिकन, सव्वीस वर्षांचा. खेळाडूंना मोसमभर गावातली घरं ठेवून घेतात. याला ठेवून घेणाऱ्या बाईनं ऐनवेळी टांग मारली. म्हणे आमच्या कुत्र्याला नवी माणसं सोसत नाहीत. कुत्र्याला! फोन आपटला मी.

लेकीच्या, ईशाच्या मैत्रिणी मला काकू म्हणतात ते ऐकून हाही काकू म्हणायला लागला. आमटीभातावर हॉट सॉस ओततो. ईशा म्हणाली, "Mom, let him live."

रवि. २६ जून

काल काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारपासून पाऊस. साडेपाचला थांबला. मी आणि डेव्ह, मैदान सांभाळणारा, दोघं चालून आलो. फर्स्ट आणि सेकंड बेसच्या मधे माती नुसती चिखल. बूट रुतला माझा. डेव्ह म्हणाला, उद्या. मी वॉल्टरला स्पष्ट सांगितलं, आज खेळ नाही. नियम साधा आहे. पहिला चेंडू पडेपर्यंत निर्णय आमचा, म्हणजे माझा. त्यानंतर अंपायरचा. वॉल्टरचे स्पॉन्सर पाहुणे डेट्रॉइटहून आलेले, बायकापोरांसकट. तो नुसता "हं" म्हणाला.

मी गेटवर गेले, लोकांना परत पाठवायची तयारी करायला. तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू, म्हणजे खेळ आता सुरू होणार.

धावत ऑफिसात आले तर फॅक्स गेलेला. पंचवीस जूनची तारीख, "मैदान उत्तम", खाली माझी सही. माझीच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. अंपायरला गाठेपर्यंत पहिला चेंडू पडला होता. त्यांनी खांदे उडवले. क्लबनंच कळवलंय ना, म्हणाले.

तिसऱ्या इनिंगला रामोन वळला आणि पाय तिथेच राहिला. घोटा. आवाज स्टँडपर्यंत आला.

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई. घरी भाडेकरार चार वेळा वाचते आणि इथे कोरा कागद

मंगळ. २८ जून

रामोनचं ऑपरेशन झालं. प्लेट घातली. मोसम संपला, पुढचं डॉक्टर बोलत नाही. आमच्या सोफ्यावर पाय वर करून पडलाय.

आणि तो मेला वॉल्टर! लीगनं चौकशी लावलीय. त्यानं मला बोलावून टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मैदान मी स्वतः पाहिले व खेळ सुरू करण्याचा निर्णय माझा होता." खाली माझं नाव, या वेळी बरोबर छापलेलं. लीग तुला फक्त ताकीद देईल, म्हणाला, पहिलंच वर्ष आहे तुझं. सही नाही केलीस तर मला दुसरा जी. एम. बघावा लागेल. वर हसून, "You're family."

मी म्हटलं, विचार करते. विचार कसला? तोंडावर फेकायला हवा होता कागद. पर्समध्ये घालून आणला. चार वर्षं घासून मिळवलेली खुर्ची, म्हणून आणला. हे कुणाला सांगणार नाही.

सुधीर म्हणतो, सही कर आणि मोकळी हो यार, नाहीतरी पहिली सही तुझीच आहे. दिवसभर बोलले नाही त्याच्याशी. बरोबर बोलला म्हणून जास्त राग.

शुक्र. १ जुलै

रामोनला सांगितलं. सगळं. कोरे कागद, गठ्ठा, सगळं. त्याला वाटत होतं मी तिथे नव्हतेच, म्हणून खेळ झाला.

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाला, "काकू, you don't look? You sign and you don't look?"

रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

मग कुबड्या घेऊन त्याला दिलेल्या ईशाच्या खोलीत गेला. जेवायला आला नाही. ताट नेऊन ठेवलं, तसंच परत आलं.

मंगळ. ५ जुलै

लीगचा फोन. वॉल्टर स्पीकरफोनशेजारी हाताची घडी घालून बसलेला. त्यांनी विचारलं, सही तुमची का? म्हटलं, हो. निर्णय तुमचा का? म्हटलं, नाही. माझा निर्णय होता खेळायचं नाही. सह्या मेमध्येच करून दिल्या होत्या, सगळ्या एकदम. तो माझा गाढवपणा, त्याची शिक्षा द्या. पण मी न घेतलेला निर्णय माझ्या गळ्यात बांधू नका.

पलीकडच्या माणसानं विचारलं, कोऱ्या सह्या कुणी मागितल्या? मी नाव घेतलं. नाव शेजारीच बसलं होतं.

वॉल्टर उठून गेला. कळवू, म्हणाले लीगवाले. डेव्हनं मात्र आपण काही पाहिलं नाही असं लिहून दिलंय. त्याच्या पोरांची कॉलेजं आहेत, कळतं मला. तरी संतापले.

घरी येऊन रामोनला सांगितलं. "OK," म्हणाला. नुसतं ओके. मग हॉट सॉस कुठेय विचारलं.

शुक्र. ८ जुलै

लीगकडून काही नाही. मला काढलेलं नाही, ठेवलंय असंही कुणी म्हणत नाही. पार्किंगच्या पाटीवरचं माझं नाव मात्र गेलं.

सव्वापाच. दुपारी झोडपलं, आता थांबलाय. स्टँड भरतायत. जाऊन पाहून आले. सेकंड बेसजवळ पाणी आहे, हाताचं बोट बुडेल इतकं. सगळे प्लेअर डगआउटच्या, म्हणजे त्यांच्या बसायच्या जागेच्या, कठड्याला टेकून उभे. वॉकीटॉकीवर डेव्हनं विचारलं, "आज खेळायचं का?" हा चॅनल सगळ्या स्टेडियमला ऐकू येतो, वॉल्टरच्या केबिनलासुद्धा. डेव्हनं मुद्दाम त्यावर विचारलं की घाबरून, देव जाणे.

मी म्हटलं, "नाही. आज खेळ नाही. गेटवर सांगा."

वरच्या मजल्यावर वॉल्टरच्या केबिनचं दार आपटलं. जिन्यात त्याचे बूट वाजतायत. मी इथेच बसलेय, टेबलाशी.