पहिल्या पानावरचा वाघ

३ मे १९७९

गोमाजीची बातमी आली. पहिल्या पानावर! तेंदूपत्ता तोडायला गेला होता बिचारा, वाघाने धरला. मी चार ओळी पाठवल्या, नागपूरच्या पेपरवाल्यांनी त्यांच्या चाळीस केल्या. वर वाघाचा फोटो – कुठल्या तरी सर्कशीतला असावा! माझ्या दुकानात लोक मीठ-गूळ विसरून पेपरच मागत होते. वार्ताहर मीच, एजंटही मीच. दिवसभर ताठ मानेने हिंडलो.

६ मे

गावातली धुरपता गेली. हगवण, उलट्या – बघता बघता संपली. मागे दादाजीचा नातूही असाच गेला. दोघांची बातमी एकत्र करून नागपूरला धाडली. डॉक्टर पाठवा, असंही लिहिलं.

९ मे

छापली नाही! त्या जागी काय, तर ‘नरभक्षकाच्या पावलांचे ठसे आढळले’. कुणाला आढळले? मी तर पाठवले नव्हते!

१० मे

आज घरात हंडा पाहिला. पाणी हिरवट. बायकोला – सुलोचनेला – विचारलं, हे कुठलं?

"बोडीचं."

त्या तळ्यात म्हशी लोळतात! विहिरी आटल्या की आमच्या बायका जंगलाकडच्या नाल्यात वाळू उकरून झिरा काढतात. पाणी कसं नितळ, थंडगार. पण आता तिकडे कुणी फिरकत नाही. उकळून पी म्हटलं, तर सरपणही जंगलातूनच आणायचं.

म्हटलं, अगं, वाघाने एक नेला, हगवणीने दोन नेले! तर म्हणते कशी –

"गोमाजीचं पेपरात आलं. धुरपताचं आलं का? मंग मानसानं कोनाले भ्यावं?"

कप्पाळ! पेपर माझ्याच दुकानातला.

११ मे

वाघ बिचकावा म्हणून डफडं वाजवत सुलोचनेला झिऱ्यावर घेऊन गेलो. बाकी बायका दारातून बघत राहिल्या. शकुनबाई ओरडली, "बुढा पागल होऊन राहिला!" ती हसली, सुलोचनाही हसली. मला मात्र संताप आला.

१२ मे

नागपूर. पेपरच्या कचेरीत दुपारपर्यंत बसवून ठेवलं. उपसंपादक पोरसवदा, चष्मेवाला. म्हणाला, "हगवणीने माणसं दरवर्षीच मरतात हो! त्यात बातमी काय?"

दरवर्षी मरतात, हीच तर बातमी! टेबलावर हात आपटला. लोक माना वर करून बघायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "वाघाचा काही संबंध असेल तर लिहून द्या. जागा करतो."

संबंध आहेच की! बसमध्ये सगळा मजकूर मनात जुळवला. फार दिवसांनी बरं वाटलं.

१३ मे

सुलोचना खाटेवर. डोळे खोल गेलेले, हात गार.

"काल तुमी नव्हते. एकलीनं कशी जाऊ झिऱ्यावर? डफडं कोन वाजवंल?"

मीठ-साखरेचं पाणी पाजतोय, पोटात ठरत नाही. शेजारचा भोजराज बैलगाडी जुंपतोय.

१४ मे

वाटेतच गेली. दवाखान्याचं गाव नाकाडोंगरीही आलं नव्हतं.

१५ मे

बातमी लिहिली. वाघाच्या भीतीने झिरा सुटला, बोडीच्या पाण्याने हगवण लागली, माझी बायको गेली. आणखी जातील. बसच्या कंडक्टरच्या हाती दिली, त्याने पैसेही घेतले नाहीत. एवढं तरी छापतील. छापलंच पाहिजे!

१७ मे

छापलं. ‘नरभक्षकाचा दुसरा बळी – आमच्या वार्ताहराची पत्नी ठार’.

तिच्या माहेरी, कारध्याला, माझा निरोप पोचण्याआधी पेपर पोचला. तिचा भाऊ श्यामराव घडी घातलेला अंक घेऊन दारात उभा. मी सगळं सांगितलं – बोडी, हगवण, बैलगाडी. गळ्यात पडून रडलो. त्याने अंकाची घडी उलगडली. मग म्हणाला,

"पेपरात छापून आलं हाये, भाऊजी. तुमी मह्यापासून काहून लपवून राहिले?"