मिस्टर हेन्शॉ यांचे दोन हंगाम

अर्विंग, टेक्सस
१६ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. आम्ही तिघं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शीलावहिनींनी पाठवलेला व्हिडिओ पाहिला. तू व्यायाम चुकीचा करतोयस, पाय सरळ करताना कंबर उचलू नकोस. रविवारी इथे जयंती झाली. शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, दीडशे माणसं होती. तुझ्या मेव्हण्याने, सुशांतने, सगळ्यांसाठी मसालेभात केला आणि तो चक्क बरा झाला.

व्हॉट्सअ‍ॅप सोडून ईमेलवर पत्र का, असं तुला वाटेल. मेसेज अर्धा वाचून तू फोन लावतोस. हे शेवटपर्यंत वाच.

गेल्या महिन्यात माझे एक पेशंट वारले, वॉल्टर हेन्शॉ. वय चौऱ्याण्णव. स्ट्रोकनंतर दोन वर्षं मी त्यांच्या घरी फिजिओथेरपीला जात होते. ते बेसबॉलमधले पिचर, म्हणजे आपल्याकडचे बोलर म्हण. विसाव्या वर्षी एका हंगामात त्यांनी एकवीस सामने जिंकून दिले होते. मग कोरियाचं युद्ध आलं. छावणीच्या टीममधून खेळत राहायची सोय झाली होती. ती नको म्हणून ते आघाडीवर गेले. दोन हंगाम गेले, आणि थंडीने उजव्या हाताच्या दोन बोटांतली संवेदना गेली. परत आले तेव्हा चेंडूचा वेग संपला होता. मग ते हळू, फसवा चेंडू शिकले आणि त्यावर अजून नऊ वर्षं खेळले.

प्रार्थनासभेत एकाने कागद काढून वाचलं, ते दोन हंगाम मिळाले असते तर त्यांचे किती सामने झाले असते. त्यांची मुलगी उठून म्हणाली, “बाबांसमोर कुणी हे गणित मांडलं की ते खोलीतून निघून जायचे.” मी मागे बसले होते. मला तुझी आठवण झाली.

तुझ्या भाचीचं, केयाचं, आता सांगते. तिला सॉफ्टबॉलची स्कॉलरशिप मिळाली, हे तुला माहीत आहे. पेढे तूच वाटलेस. तिने ती सोडली. मार्चमध्ये अठरा पूर्ण झाल्यावर तिने आर्मीत सही केली, मेडिक म्हणून. जुलैत ट्रेनिंगला ओक्लाहोमाला जाईल. महिनाभर मी तुझ्यापासून हे लपवलं.

सही करण्याआधी मी तिला मिस्टर हेन्शॉंकडे नेलं होतं. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, “तुमचं काय गेलं ते तिला सांगा, म्हणजे ती थांबेल.” त्यांनी सांगितलंही. परत आल्यावर पहिल्या सरावात चेंडू कॅचरपर्यंत नीट पोचेना, तेव्हा ते गाडीत बसून रडले होते.

केयाने विचारलं, “Would you go again?”

ते ती दोन बोटं चोळू लागले. मग म्हणाले, “हो. पण परत आल्यावर सगळं जागेवर सापडेल, असं समजून जाऊ नकोस. मला सापडलं नाही.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अपर्णा, मी तुझ्यासाठी तिच्याशी खोटं बोलणार नाही.”

मी त्यांच्या कमरेला आधाराचा पट्टा बांधला, खांद्याचे व्यायाम करून घेतले आणि घरी आले. रागावले होते.

आता रविवारचं. जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या इथल्या मैत्रिणीने, इशिताने, मला विचारलं, “अगं, केया आर्मीत चालली म्हणे? स्कॉलरशिपचं काय झालं?” मी म्हणाले, “नाही ना मिळाली शेवटी.” किती सहज निघालं तोंडातून. केया मागे ताटं घेऊन उभी होती. तिने ताटं ठेवली आणि गाडीत येऊन बसली. मग म्हणाली, “Mom, why would you say that? मी वाईट खेळते असं लोकांना वाटलेलं चालतं तुला?”

दादा, हे मी पहिल्यांदा केलेलं नाही.

नव्व्याण्णवच्या जूनमध्ये विदर्भाच्या क्रिकेट शिबिराचं बोलावणं आलं आणि तू ते टेबलावर ठेवून मध्य प्रदेशात सागरला महार रेजिमेंटच्या भरतीला गेलास. टीव्हीवर रोज कारगिलच्या शवपेट्या दिसायच्या. आई जेवत नव्हती. विहारात बायका विचारायच्या, एवढा चांगला बोलर, असा कसा गेला? मी सतरा वर्षांची होते आणि तुझ्यावर भयंकर चिडले होते. मी सांगितलं, शिबिरातून काढलं त्याला. एकीला सांगितलं, मग सगळ्यांनाच. तुझ्या लग्नातही वहिनींचे काका म्हणाले होते, क्रिकेट जमलं नाही म्हणून फौज धरली. तू हसून पाणी प्यायलास. मी तिथेच होते, गप्प बसले. तुला वाटत असेल कोचने पसरवलं. ती मी होते.

सोमवारी मी इशिताला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, “मग खोटं का बोललीस?” मी म्हणाले, “मुलगी माझं ऐकून थांबली नाही, हे सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.” तिने विषय बदलला. केयाची मी माफी मागितली. तिने “okay” एवढंच म्हटलंय. तुझ्या बाबतीत कुणाकुणाला फोन करू, दादा? निम्मी माणसं आता नाहीत. पण वहिनींना आणि तुझ्या मुलांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना कळायला हवं की तुला कुणी काढलं नव्हतं.

केयाला तुझ्याशी बोलायचंय. या शनिवारी तुझ्या सकाळी आठला ती फोन करेल. तिला थांबव, असं मी म्हणत नाही. महिनाभर तेच म्हणायचा विचार होता. बर्फातल्या पोस्टिंगचं, भीतीचं, जे तू आम्हाला कधीच सांगितलं नाहीस, ते तिला सांग. मी फोनवर नसेन.

माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. तिचा फोन मात्र उचल.

तुझी,
अपर्णा